टाळीचा दिवा

टाळी वाजवली की दिवा लागतो, याचं मला लहानपणापासून वेड. मी उतावळी. एका जागी बसणं मला जमत नाही, आणि बसलेच तर परत उठायचा कंटाळा. कासारवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत बटण चार पावलांवर होतं, तरी ती चार पावलं मला खुपायची. टीव्हीवरच्या जुन्या हिंदी सिनेमांत एखादा शेठ रेशमी गाऊन घालून जिना उतरायचा, दोनदा टाळी वाजवायचा आणि झुंबर पेटायचं. खलनायकाच्या अड्ड्यावर तर टाळीसरशी भिंतच बाजूला सरकायची. दुपारी केबलवर परदेशी जाहिराती लागायच्या, हिंदीत डब केलेल्या. एक गोरी आजी पलंगात बसून टाळी वाजवायची, दिवा विझायचा आणि ती इतकी खूश व्हायची की जणू नातू झाला. मी आईला म्हटलं, आपण पण आणू. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मग माझ्या एकेका भाकरीला घरात चाळीसदा उजेड-अंधार होईल, चालेल?"

पुढे डिप्लोमाला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा कळलं, हे वेड माझं एकटीचं नाही. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरापोरींचं प्रोजेक्ट तेच. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आमच्या आधी इतक्या टाळ्या ऐकल्या होत्या की आमची पाळी आली तेव्हा ते वैतागून म्हणाले, "टाळी नको, नुसतं तोंडानं सांगा." आता तर रीलवर त्याचा सुळसुळाट आहे. कुणी आजोबांच्या नकळत स्विच बसवतं, आजोबा खोकतात, दिवा जातो, आजोबा घाबरतात, मागून सगळं घर हसतं. असले रील मीही पाहते आणि हसते. हसायचे, असं म्हटलं पाहिजे.

मी चाकणला एका कंपनीत आहे, गाड्यांच्या वायरिंगच्या तपासणीवर. फर्स्ट शिफ्ट तीनला सुटते आणि कंपनीची बस मोशी, भोसरी करत नाशिक फाट्याला येते. बस तिथून पुढे पिंपळे सौदागरला जाते, माझ्या घरी. पण आई गेल्यापासून मी एक दिवसाआड फाट्यालाच उतरत होते, कारण कासारवाडीच्या त्या दोन खोल्यांत पप्पा एकटे होते.

पप्पा मराठवाड्यातून तरुणपणी इकडे आले आणि रिटायर होईपर्यंत एकाच कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये राहिले. पत्र्याचे गाड्यांचे भाग ठोकून काढणारी ती अवजड यंत्रं, त्यांच्यापुढे उभं राहून उभा जन्म गेला. त्यामुळे आवाज मोठा. साधं "पाणी दे" म्हणाले तरी शेजारी तांब्या भरून ठेवतील. फोनवर मात्र एकदम त्रोटक. मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "जेवलो, बरा हाय, ठेव." आणि ठेवायचेच. हट्टी म्हातारा, असं मी नवऱ्याला शंभरदा सांगितलं असेल.

तर हा हट्टी म्हातारा एका संध्याकाळी अंधारात बटण शोधताना पलंगाच्या पायाला अडखळला आणि गुडघा फोडून बसला. मी घर डोक्यावर घेतलं. आमच्याकडे चला, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, नात आहे, अजून काय पाहिजे? ते म्हणाले, "मी हितंच बरा." चार दिवस हेच. मी म्हणायचं, त्यांनी मान हलवायची आणि शेवटी तेच वाक्य. अखेर मी माघार घेतली, पण अट घातली. एकटं राहायचं तर घर मी सांगेन तसं करायचं. बाथरूममध्ये धरायला दांडा, पलंग भिंतीला, आणि दिव्याला टाळीचा स्विच. पुन्हा अंधारात पडलात तर मी एक शब्द ऐकणार नाही, सरळ उचलून नेईन. पप्पांनी ती अट मान्य केली, कारण त्यांना त्या घरातून हलायचं नव्हतं. मला तेव्हा वाटलं, मी जिंकले.

स्विच ऑनलाइन मागवला आणि रविवारी स्वतः बसवला. दोनदा टाळी वाजवली की लागतो, दोनदा वाजवली की विझतो. कडेला एक छोटं बटण, ते सरकवलं की टाळीचा संबंध तुटतो आणि दिवा नेहमीसारखा लागलेला राहतो. पप्पांनी पहिल्यांदा टाळी वाजवली, दिवा लागला, आणि ते इतके हसले की आई गेल्यानंतर मी त्यांना तसं हसताना पाहिलंच नव्हतं. "गावाला पाटील टाळी वाजवायचा आन् माझा बाप पळत जायचा," ते म्हणाले. "आता मी वाजवतो आन् ह्यो पळत येतोय." पुन्हा वाजवली, पुन्हा विझवला. असं दहा-बारा वेळा केलं.

पण स्विच स्वस्तातला होता आणि त्याला टाळीच कळते असं नव्हतं. चमचा पडला की दिवा गेला. शेजारच्या मावशींनी कडी आपटली की दिवा आला. पौर्णिमेला गल्लीतल्या पाच-सहा बायका बुद्धवंदनेला आल्या. सगळं शांतपणे झालं, आणि शेवटी पप्पांनी आपल्या प्रेस शॉपच्या आवाजात "साधू! साधू! साधू!" म्हटलं तसा गप्पकन अंधार. समोर मेणबत्ती होती म्हणून बरं. मावशी म्हणाल्या, "आता आपलं आपणच दिवा व्हायचं, बाई." बायका पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. पप्पाही हसले, पण जरा उशिरा, सगळ्यांकडे एकदा बघून घेऊन. हे मला दिसलं होतं. पण मी उठून स्विच ठीक करायच्या नादात होते.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. सहा वाजले असतील, थंडीचे दिवस, बाहेर अंधारून आलेलं. पप्पा पलंगावर बसून पेपर वाचत होते. मी ओट्यापाशी चहाची भांडी घासत, मागे न बघता नेहमीसारखी बडबडत होते. आमच्या घरामागे भिंत, भिंतीपलीकडे रूळ. लोणावळ्याकडची गाडी भोंगा देत आली, मांडणीवरच्या ताटल्या खणखणल्या आणि दिवा गेला. शेवटचा डबा जाता जाता दिवा परत आला.

पप्पांनी पेपर खाली केला आणि कपाळाला आठ्या घालून बल्बकडे पाहिलं. "तुझ्या ह्या यंत्रात लूज कनेक्शन हाय. दिवसातनं धा-बारा वेळा आसंच करतंय."

मी हात पुसत त्यांच्यासमोर आले. "लूज नाही पप्पा. गाडी गेली ना आत्ता."

"कुठली गाडी?"

ताटल्या अजून थरथरत होत्या. मला वाटलं, थट्टा करताहेत. पण तोंडावर थट्टा नव्हती, आणि विचारून झाल्यावर त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते मी कंपनीत पाहिलेलं आहे. आपल्या हातून खराब माल पुढे गेलाय हे ज्याला नुकतंच कळलं, त्याच्या डोळ्यांत असतं ते.

मी म्हटलं, "मी मागे उभी राहून टाळी वाजवते. ऐकू आली तर सांगा."

"मला काय झालंय?"

"सांगा तर."

मी पलंगामागे गेले, दोनदा टाळी वाजवली, दिवा विझला. "आली की ऐकू," पप्पा म्हणाले. पुन्हा वाजवली, दिवा लागला. "आली."

मग मी गुपचूप ते कडेचं बटण सरकवलं. आता दिवा लागलेलाच राहणार होता. पुन्हा त्यांच्या पाठीमागे उभी राहिले आणि टाळी वाजवली. पप्पांनी पेपरचं पान उलटलं. मी जोरात वाजवली. ते वाचत होते, वाचताना ओठ हलतात तसे हलत होते. मी वाजवतच राहिले. तळहात लाल झाले, शेजारून मावशींनी काय झालं म्हणून हाक मारली, आणि माझा बाप माझ्यापासून दोन हातांवर बसून शेवटच्या पानावरची कुस्तीची बातमी वाचत होता.

कशाने कोण जाणे, त्यांनी वळून पाहिलं. माझे हात तसेच हवेत. त्यांनी पेपरची घडी घातली, मग आणखी एक घडी घातली.

मी समोर जाऊन बसले. "कधीपासून?"

"लई वर्षं झाली," ते म्हणाले. "प्रेसवर व्हतो तवापासून. आधी घड्याळाची टिकटिक गेली. मग पाखरं. मग मागून कोण बोललं की काय कळंना."

"कंपनीत मेडिकल व्हायचं ना दर वर्षी?"

यावर ते चक्क लाजले. मेडिकलला एका काचेच्या खोलीत बसवायचे म्हणे, कानाला हेडफोन लावून. आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. पलीकडे बाई बसायची, ती तिच्या यंत्रावर आवाज सोडायची. काचेत तिचं बोट दिसायचं. "बोट हाललं की मी दाबायचो. एक नंबर पास." त्यांच्या अख्ख्या लाइनला ही युक्ती ठाऊक होती. आधी जाऊन आलेला बाहेर येऊन सांगायचा, आज लाल नेलपॉलिशवाली आहे, बोट चांगलं दिसतं. नापास झालं की प्रेसवरून काढून पॅकिंगला टाकायचे, ओव्हरटाइम बंद. त्या वर्षांत माझा डिप्लोमा चालू होता. हे ते बोलले नाहीत, मीच मनात जुळवलं. आणि मला आठवलं, माझं प्रोजेक्ट मी घरी आणून दाखवलं तेव्हा पप्पांनी ते हातात उलटंपालटं करून विचारलं होतं, "आवाजावर चालतं व्हय?" आणि नंतर बराच वेळ काही बोलले नव्हते. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, की यांना कौतुक नाही.

"आईला माहीत होतं?"

"तिनंच तर चालवलं समदं. माणूस बोललं की ती माझ्याकडं तोंड करून तेच परत बोलायची. तुमाला वाटायचं, म्हातारीला एकच गोष्ट दोनदा सांगायची खोड."

वाटायचं. मी तिला त्यावरून चिडवायचेसुद्धा.

मग माझ्या डोक्यात ती गोष्ट आली, जी आधीच यायला हवी होती. पप्पा रोज सकाळी रूळ ओलांडून पलीकडे जातात. कंपनीतले जुने दोस्त तिकडे चहाला जमतात. पूल आहे, पण पुलाला पायऱ्या आहेत, आणि आमच्या गल्लीतलं कुणी पुलावरून जात नाही. भिंतीला पडलेल्या भगदाडातून सगळे थेट जातात. मीही शाळेला तशीच गेले.

"रूळ कसे ओलांडता तुम्ही?"

"तुझी आई माझा दंड धरायची," ते म्हणाले. "ती थांबली की मी थांबायचो."

आम्हाला वाटायचं, तिचे गुडघे दुखतात म्हणून ती धरते. अख्ख्या गल्लीला तेच वाटायचं.

"आणि आता?"

"आता दोन्हीकडं बघतो. मग रुळावर पाय ठिवतो. थरथर नसली तर जातो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वर्षभर माझा बाप तळपायाने गाडी ऐकत होता आणि मी त्याच्या दिव्याची काळजी करत होते. राग त्यांच्यावर होता, आईवर होता, सगळ्यात जास्त माझ्यावर होता. मी कपाट उघडून त्यांचे कपडे पिशवीत कोंबायला लागले. मधेच मागे पाहिलं तर पप्पा उठून स्विचपाशी गेले होते. त्यांनी ते बटण परत सरकवून टाळीवर केलं आणि पलंगावर बसून बल्बकडे बघत राहिले. थोड्या वेळाने पुण्याकडची गाडी आली. दिवा गेला, आला.

"ही व्हती?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. "पुण्याला चालली," ते स्वतःशीच म्हणाले. मनगटावरच्या घड्याळात वेळ पाहिली, ठरल्या वेळेला बरोबर आली म्हणून खूश झाले आणि पुढच्या गाडीची वाट बघत बसले. मला ते बघवेना. मी पिशवीचे बंद ओढले आणि रिक्षा बोलावली.

पिंपळे सौदागरला सातव्या मजल्यावर कसली थरथर नाही आणि कुठलाच रूळ नाही. मला पहिले दोन दिवस शांत झोप लागली. कानाच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी तपासून मशीनचं माप घेतलं, आठवड्याने मिळेल म्हणाले. आणि मी निर्धास्त झाले, म्हणजे माझ्या मानाने निर्धास्त. सकाळी बस गाठायची, संध्याकाळी भाजी, मुलीचा अभ्यास, कपड्यांचं मशीन, आणि हे सगळं करता करता पप्पांशी बोलणं. जेवलात का, औषध घेतलं का, खाली जाऊन आलात का.

कासारवाडीत माणसं समोरासमोर बोलतात. दारात बसून, तोंडाकडे बघून, हातवारे करून. आमच्याकडे मुलगी मोबाइलमध्ये मान घालून बोलते. नवरा लॅपटॉपच्या आडून बोलतो. खाली बाकावर बसणारी माणसं हळू, सभ्य आवाजात बोलतात, ओठ जेमतेम हलवून. पाच-सहा दिवसांत पप्पा बोलायचेच बंद झाले. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. विचारलं की "बरा हाय."

सातव्या दिवशी, रविवारी, मी साप्ताहिक सुट्टीची सगळी कामं काढून बसले होते. पप्पा स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, "मी जातो आज घरी."

मी कणीक मळत होते. मळता मळता बोलायला लागले. बोलले म्हणजे काय, सगळं बोलले. तुम्हाला काही झालं तर मी काय करू. आई गेली तेव्हा मी शिफ्टवर होते, शेवटचं भेटताही आलं नाही, ते मला अजून गिळता येत नाही. तुमचा फोन दोनदा वाजून उचलला गेला नाही तर मला बसमधून उडी मारावीशी वाटते. तुम्ही माझ्यासाठी काचेतलं बोट बघत बसलात, आणि ते आधी सांगितलं असतंत तर मी नोकरीला लागल्या लागल्या तुम्हाला त्या प्रेसवरून ओढून आणलं असतं. मध्येच गॅसवरची वाटाण्याची उसळ ढवळली, डबा उघडला, परत मळायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा मी बापाशी इतकं खरं बोलत होते आणि बरं वाटत होतं. म्हटलं, आता यांना कळलं. आता नाही जायचे.

वळून पाहिलं तर पप्पा हातात पिशवी घेऊन तिथेच उभे. ओशाळल्यासारखे.

"काय म्हणत व्हतीस?" त्यांनी विचारलं. "तुझे खांदे हालताना दिसले. कायतरी मोठं बोललीस."

माझे हात कणकेत तसेच राहिले.

"तुझी आई बसून बोलायची," ते म्हणाले. तक्रार नव्हती, सांगायचं म्हणून सांगितलं. "तू लहानपणापासनं चालताना बोलतीस. शाळेचं, कॉलेजचं, कंपनीचं. लई बोलायचीस. मी आपला तुझ्या मागं मागं मान हालवायचो."

मी हिशेब... नाही, हिशेब कसला करणार. इतक्या वर्षांचं माझं बोलणं आणि त्यातलं किती त्यांच्यापर्यंत पोहोचलं, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. माझं लग्न ठरवताना मी काय बोलले होते? भांडून घराबाहेर पडले त्या दिवशी? ते गप्प राहिले म्हणून मी वर्षभर धुसफुसत होते, त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाठ करून बोलले होते का? मला आठवेना.

"मी पुलावरनं जाईन," पप्पा म्हणाले. "शपथ. पायऱ्या चढंन. मशीन आलं की कानात घालीन. पण मला तिकडं जाऊ दे बाळा. तिकडं माणसं माझ्याकडं बघून बोलतात."

मी हात धुतले आणि गॅस बंद केला. डायनिंग टेबलाशी खुर्ची ओढून बसले. पप्पा समोर बसले, पिशवी मांडीवर घेऊन, आणि त्यांनी माझ्या ओठांवर नजर ठेवली. कुणी आपल्याकडे इतकं लक्ष देऊन बघतंय याची मला सवय नव्हती. मगाशी भिंतीकडे तोंड करून बोललेलं सगळं परत म्हणायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि एकही शब्द येईना. नुसतं रडू येत होतं, आणि रडताना ओठ वेडेवाकडे होतात, ते वाचता येत नाहीत.

"सावकाश," ते म्हणाले. "मला घाई न्हाई."

मी डोळे पुसले. पुन्हा तोंड उघडलं. शेवटी एवढंच सांगता आलं, "जेवून जा."

"हां, हे कळलं," पप्पा म्हणाले, आणि त्यांनी पिशवी खाली ठेवली.